लोकरीचं खेळणं: सुईनं टोचून की साबणाच्या पाण्यात?

लोकरीचा ससा आणि लोकरीचा चेंडू शेजारी ठेवले की दोन्ही एकाच रीतीनं केलेत असं वाटतं. शिवण नाही, वीण नाही, लोकर नुसती घट्ट जमलेली. पण ससा बहुधा नीडल फेल्टिंगचा, म्हणजे सुईनं टोचून केलेला असतो आणि चेंडू वेट फेल्टिंगचा, म्हणजे साबणाच्या पाण्यात चोळून केलेला. मुलांसाठी काही करायला बसणार असाल, तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. कोमट साबणपाण्यात ती चोळली की केस एकमेकांत सरकतात आणि खवल्यांमुळे मागे फिरत नाहीत. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, याच तत्त्वावर बनतो: लोकरीचे थर पसरायचे, साबणाचं पाणी शिंपडायचं, चटईत गुंडाळून पायांनी दाबत राहायचं.

नीडल फेल्टिंगमध्ये पाणीच नसतं. सुईच्या धारांवर बारीक खाचा असतात. आत जाताना त्या केस ओढून नेतात, बाहेर येताना सोडून देतात. कारखान्यात फेल्टचे, म्हणजे तंतू घट्ट जमवून केलेल्या कापडाचे तागे करणाऱ्या यंत्रांमधली ही सुई 1980 च्या दशकात अमेरिकेत हस्तकलेत आली. खवल्यांची गरज नसल्यामुळे सुईनं अ‍ॅक्रिलिकही (कृत्रिम तंतू) जमतं. साबणपाण्यात मात्र ते कितीही चोळलं तरी जमत नाही.

लोकरही वेगवेगळी लागते. मेरिनो मेंढीची लोकर तलम असते, साबणपाण्यात सुरेख बसते. सुईनं मात्र तिच्यावर भोकं दिसत राहतात आणि वेळ फार जातो. सुईकामाला कॉरिडेल मेंढीसारखी जरा भरड लोकर बरी. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची, घोंगडीची लोकर राठ असते. ती मुलांच्या गालाला टोचेल, पण आतल्या गाभ्यासाठी वापरायला हरकत नाही.

माझ्या दृष्टीनं खरा फरक आहे तो करणाऱ्या हातांचा. पाच वर्षांच्या मुलासमोर कोमट पाण्याचं घमेलं ठेवा, पिंजलेल्या लोकरीचा सैल गोळा द्या आणि आधी अगदी हलक्या हातानं, मग जोर लावून वळायला सांगा. चेंडू त्याचा तो होतो. आकार बराच आटतो, म्हणून गोळा मोठा घ्यायचा. सुईचं तसं नाही. ती धारदार असते, नजर हलली की बोटात घुसते. लहान मुलाच्या हाती ती देऊच नये. ते काम मोठ्यांनी मुलासाठी करायचं.

सुईनं कान, पाय, मान असं हवं तिथे घडवता येतं, आणि म्हणूनच मोहही होतो: पापण्या, नाकपुड्या, हसरे ओठ. इथे हात आवरा. 1919 मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला सुरू झालेल्या, मुलांच्या कल्पनाशक्तीवर भर देणाऱ्या वॉल्डॉर्फ शाळांच्या परंपरेत बाहुलीला जेमतेम दोन ठिपक्यांचे डोळे देतात, कधी तेवढेही नाही. मला ते मनापासून पटतं. तोंड न काढलेला घोडा सकाळी भुकेला असतो, दुपारी रुसलेला, संध्याकाळी राजाचा. हसू कोरलेला घोडा रडायच्या खेळात कामाचा नाही.

फेकाफेकीला साबणपाण्यातलं खेळणं जास्त टिकतं. सुईचं लवकर पिंजारतं, मात्र पुन्हा टोचून सावरता येतं. दोन्ही जोडताही येतात: गाभा सुईनं, वरची कातडी साबणपाण्यानं.

सुई घ्यायची तर आकडा जितका मोठा तितकी ती बारीक: 36 आकार द्यायला, 38 सर्वसाधारण कामाला, 40 शेवटची सफाई करायला. खाली जाड स्पंज हवा. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढायची, नाहीतर मोडते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला मणी किंवा काचेचे डोळे लावू नका. आणि सुईचं टोक मोडून दिसेनासं झालं, तर चुंबक फिरवून शोधा. तरीही सापडलं नाही तर ते खेळणं कोणत्याच मुलाच्या हाती देऊ नका.