गव्हाचा सेप्टोरिया करपा: औषध लागू पडेनासे झाले तर

फवारणी वेळेवर झाली, तरी पंधरा-वीस दिवसांनी पाने करपू लागतात आणि पहिला संशय औषधावर जातो. बऱ्याचदा तो चुकीचा असतो. करप्याची बुरशी पानात शिरल्यावर दोन ते चार आठवडे काहीच खूण दाखवत नाही, त्यामुळे आधीच लागण झालेले पान फवारणीनंतर करपते. आधी फवारणीची आणि डाग दिसल्याची, अशा दोन्ही तारखा ताडून पाहा.

डाग सेप्टोरियाचाच आहे ना, तेही बघा. तो शिरांमध्ये अडकल्यासारखा लांबट-चौकोनी असतो आणि त्यात मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसतात. शंका असेल तर पान ओल्या कागदासोबत पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी भिंगाखाली ठिपक्यांतून पांढुरका चीक आलेला दिसेल. हेच बीजाणू, पावसाच्या थेंबांनी उडून ते वरच्या पानांवर पोहोचतात.

तारखा जुळल्या, रोगही तोच निघाला, तर मग बुरशीत आलेल्या औषधाविरुद्धच्या प्रतिकारशक्तीचा विचार. लेबलवरचा गट क्रमांक, म्हणजे औषध बुरशीवर कसे काम करते ते सांगणारा आकडा, इथे महत्त्वाचा.

गट 11, म्हणजे स्ट्रोबिल्युरिन: बुरशीच्या एका प्रथिनात 143 व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलनिन आले की औषधाला पकडच मिळत नाही. मात्रा दुप्पट केली तरी पैसे वाया. मात्र तांबेऱ्यात हा बदल टिकत नाही. त्याच्या जनुकाची रचनाच अशी, की इथे बदल झाला तर प्रथिन नीट बनत नाही. म्हणून एकाच फवारणीत तांबेरा जातो आणि करपा राहतो.

गट 3, म्हणजे ट्रायझोल: इथे घसरण पायरीपायरीने होते. पूर्ण मात्रेला अजून दाद मिळते, अर्ध्या मात्रेत बुरशी निभावून जाते. गट 11 आणि गट 3 च्या तयार मिश्रणात नेमका हाच घोटाळा होतो. गट 11 निकामी झाला की सगळा भार ट्रायझोलवर येतो आणि डब्यात तो एकट्याने पुरेल इतका नसतो. डबा बदलून गट तोच राहिला, तर औषध बदलले असे आम्ही मानत नाही.

गट 3 सोबत गट 7, म्हणजे एसडीएचआय औषधे, घ्या; गट 7 एकट्याने कधीच नको आणि हंगामात दोनदाच्या वर नको. लेबलवर गव्हासाठी परवानगी असेल तर फोल्पेट किंवा मॅन्कोझेब जोडा. ही स्पर्शजन्य औषधे बुरशीवर अनेक ठिकाणी मारा करतात, पण लागणीआधी पानावर असायला हवीत. फवारणीनंतर फुटलेले पान उघडेच राहते. ध्वजपान, म्हणजे ओंबीखालचे शेवटचे पान, पूर्ण उलगडले की ही फवारणी चुकवू नका.

तपासणीसाठी शेतभर फिरून सुमारे तीस झाडांची, वरून दुसरी, डाग असलेली पाने घ्या. धुऊ नका. कागदी पाकिटात प्रयोगशाळेकडे पाठवा, प्लॅस्टिकमध्ये ती वाटेतच कुजतात. गट 11 चे उत्तर जनुकचाचणीतून लवकर मिळते. ट्रायझोलसाठी बुरशी वाढवून वेगवेगळ्या मात्रांवर तपासावी लागते, त्याला काही आठवडे लागतात.