चष्म्याआडची प्रयोगशाळा

संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतायचं नसतं, पाण्यात आम्ल ओतायचं असतं. तेही थेंबाथेंबाने, ढवळत. विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाला हे पाठ असतं. उलट केलं तर काय होतं, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं, आणि न पाहिलेलंच बरं. दोन्ही मिसळताना इतकी उष्णता बाहेर पडते की वर तरंगणारं हलकं पाणी जागच्या जागी उकळतं आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडतात. आभासी, म्हणजे संगणकाने डोळ्यांपुढे उभ्या केलेल्या प्रयोगशाळेत ही चूक बिनधास्त करून पाहता येते. डोळ्यांसमोर पडदा धरणारा हेडसेट डोक्यावर चढवायचा, हातातल्या कंट्रोलरने चंचुपात्र उचलायचं, ओतायचं, उसळी बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचा पडदा करून दाखवला, तेव्हा त्याचं जडशीळ धूड छताला टांगावं लागलं होतं. त्यात दिसायची ती नुसत्या रेषांची चित्रं. पण त्या चित्रांमध्येही सायक्लोहेक्झेन या कार्बनी संयुगाच्या रेणूचा सांगाडा होता! म्हणजे रसायनशास्त्र या तंत्रात अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

हल्लीच्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळं चित्र मिळतं आणि मेंदू त्या दोहोंतून खोली उभी करतो. मान वळली की संवेदक ते टिपतात आणि चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदलावं लागतं. उशीर झाला की डोळे एक सांगतात, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरंच, आणि पोटात ढवळायला लागतं. आणखी एक अडचण प्रयोगशाळेत जास्तच जाणवते. हेडसेटमधल्या भिंगांमुळे चित्र नेहमी एकाच अंतरावर, समजा एक-दोन मीटरवर, स्पष्ट दिसतं. ब्युरेटवरच्या, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या तोटीच्या नळीवरच्या, बारीक रेघा वाचायला आपण ती डोळ्यांजवळ आणतो. मग दोन्ही बुबुळं जवळच्या वस्तूकडे वळतात, पण नेत्रभिंगाला दूरवरच फोकस धरून ठेवावा लागतो. डोळ्यांवर ताण येतो तो इथे. प्रयोगातलं सगळ्यात नाजूक काम नेमकं अशा अंतरावर येतं, जिथे हे यंत्र सगळ्यात कच्चं आहे.

पण मुलं याने जास्त शिकतात का? कोपनहेगन विद्यापीठातल्या गिडो मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी ५२ विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचं एकच सिम्युलेशन (प्रयोगाची संगणकावरची नक्कल) साध्या पडद्यावरही दिलं आणि हेडसेटमध्येही. डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूवरचा ताणही मोजला. हेडसेटमध्ये ‘आपण खरंच तिथे आहोत’ ही भावना जास्त होती. शिकणं मात्र कमी झालं आणि मेंदूवरचा ताण वाढला. २०१९ मध्ये छापून आलेला हा निबंध जाहिरातींमध्ये अर्थातच सापडणार नाही. कॅलिफोर्नियात जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांना असंच काहीसं दिसलं. हेडसेट घालून शरीरातल्या रक्तप्रवाहातून फेरफटका मारून आलेल्यांना गंमत जास्त वाटली, पण चाचणीत साध्या स्लाइड पाहिलेल्यांनी त्यांना मागे टाकलं. मग संशोधकांनी तोच फेरफटका तुकड्यातुकड्यांनी दिला आणि प्रत्येक तुकड्यानंतर काय पाहिलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं. तेव्हा हेडसेटवाल्यांचं शिकणं सुधारलं. वही-पेन अजून हरलेलं नाही, असं म्हणायला मला तरी आवडेल.

आता उलट बाजू. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोराडो विद्यापीठात ‘फेट’ ही सिम्युलेशनं सुरू केली. तिथल्या २००५ च्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी खऱ्या तारा-बल्ब जोडले आणि काहींनी संगणकावर. नंतर सगळ्यांना खरं परिपथ जोडायला सांगितलं, तर त्यातही संगणकवाले सरस ठरले. हेडसेट नव्हता, साधा पडदाच होता. पण त्यावर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसत होते. खऱ्या तारेत ते कोणालाच दिसत नाहीत.

मला वाटतं, कळीचा मुद्दा हाच आहे. हुबेहूब ओटा, हुबेहूब बेसिन आणि हुबेहूब परीक्षानळी उभी करण्यात पैसे घालण्यापेक्षा, जिथे माणसाचा हात पोचूच शकत नाही तिथे तो पोचवण्यात या तंत्राची खरी कमाई आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डेव्हिड ग्लोवाकींच्या गटाने लोकांना रेणू हातात धरायला दिले: मिथेनचा रेणू कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीतून (नॅनोनळीतून) ओढून काढा, प्रथिनाच्या साखळीला गाठ मारा. असली त्रिमितीतली गुंतागुंतीची कामं माउस आणि टचस्क्रीनपेक्षा हेडसेटमध्ये कितीतरी लवकर झाली. कारण सरळ आहे: गाठ मारायला दोन हात लागतात, आणि माउस एकच असतो.

टायट्रेशनचं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव घालून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्याचं, मात्र तसं नाही. खऱ्या ओट्यावर डावा हात तोटीवर असतो आणि उजव्या हाताने शंकुपात्र गोल फिरत असतं. फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाची गुलाबी झाक येते, विरते, पुन्हा येते. टोकाला लटकलेला अर्धा थेंब काचेला टेकवून आत घ्यावा लागतो. एक थेंब जास्त पडला की सगळं गडद गुलाबी, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. कंट्रोलरची कळ दाबण्यात यातलं जवळपास काहीच येत नाही. पुढे काय करायचं याचा क्रम तेवढा पक्का होतो. खऱ्या तासाच्या आधीची तालीम म्हणून दहा-पंधरा मिनिटं हेडसेट द्यायला माझी हरकत नाही. खऱ्या तासाऐवजी द्यायला आहे.

शिवाय सिम्युलेशनमध्ये वाचनांक फार शहाणे असतात. तीनदा केलं तर तिन्ही वेळा तेच उत्तर, मग सरासरी काढायची तरी कशाला? काही सिम्युलेशनमध्ये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी चलबिचल घालतात, आणि ते योग्यच आहे. पण तीही बनवणाऱ्याने ठरवलेलीच. १८९६ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकरेल यांनी, प्रयोगाला ऊन हवं होतं पण आभाळ भरून आलं म्हणून, युरेनियमचा क्षार आणि कागदात गुंडाळलेली फोटोची काच खणात ठेवून दिली. काही दिवसांनी काच धुतली, तर ऊन न लागताही तिच्यावर ठळक ठसे उमटलेले. तोच प्रयोग त्या काळच्या ज्ञानावर रचलेल्या, किरणोत्सर्ग माहीतच नसलेल्या आभासी खोलीत केला असता, तर काच कोरीच निघाली असती.