नाना घोरत होते

पारोळ्याकडून येताना आमच्या मामांची, म्हणजे नानांची, मोटारसायकल कापसाच्या ट्रॅक्टरला घासली. उजवं कानशील डांबरावर आपटलं, दोनेक मिनिटं शुद्ध हरपली. दवाखान्यात तीन टाके पडेपर्यंत नाना उठून बसले होते, चहा मागत होते. ‘माले काही नही व्हयनं,’ हेच पालुपद. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. मध्यरात्री नाना घोरू लागले. मामी म्हणाली, दमलेत, झोपू द्या.

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटू शकते. रक्त हाड आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यात साठत जातं. पण माणूस तर तासन्‌तास बोलतो, चालतो! कारण कवटी म्हणजे पक्क्या झाकणाचा डबा. त्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. रक्ताची ही गाठ वाढू लागली की आधी पाणी आणि शिरांतलं रक्त सरकून जागा करून देतात. ही सोय संपली की मात्र थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. मेंदूचा काही भाग खाली ढकलला जातो, डोळ्याच्या बाहुलीची नस चेपते आणि त्या बाजूची बाहुली मोठी होते. टॉर्च मारली तरी ती आकसत नाही. शुद्ध उतरली की जीभ मागे पडते आणि श्वास घोरल्यासारखा ऐकू येतो.

म्हणून डोक्याच्या मारात पुन्हा पुन्हा बघणं हाच अर्धा उपचार. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये त्यासाठी साधं मोजमाप दिलं: डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं, आता त्याचे एकूण गुण 3 ते 15. एकदाच 15 लिहून भागत नाही. काल 15 आणि आज 13, ही घसरण कामाची. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्ण पूर्ण शुद्धीवर असला तरी पहिले 2 तास दर अर्ध्या तासाने, मग 4 तास दर तासाने, पुढे दर 2 तासांनी नोंद करायला सांगितलंय. एकाहून जास्त उलट्या, फिट किंवा शुद्ध उतरणं दिसलं तर लगेच सीटी स्कॅन. झोपेच्या इंजेक्शनाने शुद्ध उतरल्याची खूणच झाकली जाते. तोंडाला दारूचा वास असला की ‘पिऊन पडलाय’ म्हणून बाजूला ठेवण्याची खोड तर आपल्याकडे जुनीच.

आता निष्काळजीपणा कुठे सुरू होतो? रुग्ण दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असं नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निर्णयातली निव्वळ चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे; सामान्य कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का, हे बघायचं. फौजदारी गुन्ह्याला तर घोर निष्काळजीपणा लागतो. मला हे रास्त वाटतं. तालुक्याच्या ठिकाणी रात्री न्यूरोसर्जन नसणं हा त्या डॉक्टरचा दोष नाही. तासाभराने टॉर्च न मारणं हा आहे.

नानांची शस्त्रक्रिया नाशिकला झाली. वाचले, डावा हात मात्र अजून घास उचलत नाही. मामेभावाने केसपेपरची प्रत मागितली. नियमाप्रमाणे ती 72 तासांत द्यावी लागते. मिळाली. त्यात रात्री 10 ची नोंद आहे: ‘शुद्धीवर, तक्रार नाही.’ खालची सकाळी 6 ची: ‘उजवी बाहुली मोठी.’ मध्ये कोरा कागद.