दूचं पाणी लूमध्ये: चुनखडकाच्या पोटातला प्रवास

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीतून गाळून येतं, म्हणून ते शुद्ध असतं, असा एक समज जगभर पक्का आहे. पाण्याच्या बाटल्यांवर हिमशिखरं छापणाऱ्यांनी तो आणखी पक्का केला आहे. या समजाची परीक्षा घ्यायची असेल तर पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा डोंगररांगेतल्या लू नदीच्या उगमाकडे जाणारी पायवाट चालावी.

ऑर्नाँ हे लूच्या काठचं जुनं गाव, चित्रकार ग्युस्ताव्ह कुर्बेचं जन्मगाव. तिथून नदीच्या उलट दिशेने वर जात राहिलं की दरी अरुंद होत जाते, दोन्ही बाजूंना बीच आणि फरची दाट झाडी लागते आणि मग नुआयच्या घळीतून वाट चढते. आपल्या सह्याद्रीत नदीचा माग काढत वर गेलो तर ओढा लहान लहान होत जातो आणि शेवटी एखाद्या ओल्या कपारीत संपतो. इथे तसं होत नाही. शेवटपर्यंत नदी नदीच राहते. समोर सुमारे शंभर मीटर उंचीचा कडा येतो, त्याच्या पायथ्याशी भलीमोठी गुहा, आणि त्या गुहेतून लू पूर्ण वाढलेल्या रूपातच बाहेर पडते. सेकंदाला सरासरी नऊ-दहा हजार लिटर पाणी! कुर्बेने 1864च्या सुमारास हे दृश्य पुन्हा पुन्हा रंगवलं. कड्यावरच्या पठारावर गेलं तर कुरणं आहेत, गायी आहेत, जंगल आहे, पण धड एक ओढा नाही. मग एवढं पाणी येतं कुठून?

याचं उत्तर एका आगीने दिलं. उगमापासून सरळ रेषेत साधारण 12 किलोमीटरवर पॉन्तार्लिए नावाचं शहर आहे. ते दू नावाच्या वेगळ्याच नदीवर वसलेलं आहे आणि लूच्या उगमापेक्षा सुमारे 300 मीटर उंचावर आहे. 11 ऑगस्ट 1901 रोजी तिथल्या पेर्नो कंपनीच्या अ‍ॅबसिंथ कारखान्यावर वीज पडली. अ‍ॅबसिंथ म्हणजे आपल्या दवण्याच्या एका भाऊबंद वनस्पतीपासून काढलेली, बडीशेपेसारख्या वासाची कडक दारू. टाक्या पेटून स्फोट होऊ नये म्हणून त्या मोकळ्या केल्या गेल्या आणि लाखो लिटर दारू दू नदीत गेली. दोन दिवसांनी लूच्या उगमाशी पाण्याला अ‍ॅबसिंथचा वास येऊ लागला. तो ओळखला आंद्रे बेर्तलो यांनी, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ मार्सेलँ बेर्तलो यांच्या मुलाने. दूच्या पात्रातल्या भेगांमधून नदीचं पाणी खाली गळत होतं आणि दुसऱ्या दरीत जाऊन लू म्हणून वर येत होतं. गुहाशास्त्राचा पाया घालणारा एदुआर-आल्फ्रेड मार्टेल याने 1910 मध्ये फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग वापरून या भुयारी वाटेवर शिक्कामोर्तब केलं.

आता थोडा हिशेब करू. 12 किलोमीटर दोन दिवसांत, म्हणजे तासाला 250 मीटर. वाळूच्या थरातून भूजल सरकतं तेव्हा दिवसाला एखादा मीटर गेलं तरी पुष्कळ. त्या गतीने हे अंतर कापायला तीस वर्षं लागली असती. तेव्हा इथलं पाणी खडकातून झिरपत नाही, खडकातल्या बोगद्यांतून वाहतं. हे बोगदे कोरले कोणी, हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण शाळेत शिकलेलं उत्तर अर्ध्या वाटेवर तुटतं.

शाळेतलं उत्तर असं: पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं आणि ते चुनखडक विरघळवतं. बरोबर आहे. त्यात जंगलाचा वाटा मोठा आहे, हेही जोडायला हवं. हवेत हा वायू फक्त 0.04 टक्के असतो. पण मुळं आणि सूक्ष्मजीव श्वसन करत असल्यामुळे मातीतल्या पोकळ्यांत तो एक टक्का किंवा त्याहून जास्त असू शकतो. बीचच्या जंगलातून मुरलेलं पाणी म्हणूनच उघड्या कातळावरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त चुनखडक पचवतं.

पण अडचण इथेच आहे. हे पाणी इतकं तत्पर असतं की बारीक भेगांमध्ये वरच्या काही मीटरांतच त्याची बहुतेक ताकद संपते. ते संपृक्त होतं, म्हणजे आणखी चुनखडक विरघळवू शकत नाही. मग शेकडो मीटर खोल आणि किलोमीटरच्या किलोमीटर लांब बोगदा कोण कोरतं?

याचं एक सुंदर उत्तर आल्फ्रेड ब्योग्ली या स्विस शास्त्रज्ञाने 1964 मध्ये मांडलं. दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली, दोन्ही संपृक्त असलेली पाणी एकमेकांत मिसळली, तर मिश्रण संपृक्त राहत नाही. साखरेचे दोन संपृक्त पाक एकत्र केले तर कधी असं होत नाही. मग चुनखडकाच्या बाबतीत का होतं?

कारण हे नातं सरळ रेषेतलं नाही. चुनखडक विरघळतो तेव्हा कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन तयार होतात, म्हणजे एकूण तीन कण. या तीनमुळे गणितात घन येतो: चुनखडक दुप्पट धरून ठेवायचा असेल, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड दुप्पट असून भागत नाही, तो दोनाचा घन म्हणजे आठपट लागतो. आता पहिलं पाणी घ्या: वायू 1 भाग, चुनखडक 1 भाग, संपृक्त. दुसरं घ्या: वायू 8 भाग, चुनखडक 2 भाग, तेही संपृक्त. दोन्ही निम्मं निम्मं मिसळा. चुनखडक झाला सरासरी 1.5 भाग. तेवढा धरून ठेवायला वायू लागतो 1.5 चा घन, म्हणजे साधारण 3.4 भाग. प्रत्यक्षात मिश्रणात आहे 1 आणि 8 ची सरासरी, 4.5 भाग. तब्बल 1.1 भाग वायू मोकळा राहिला! हिशेब सोपा केलेला आहे, कारण हा मोकळा वायू खडकावर चालताना स्वतःही खर्च होतो. पण तत्त्व हेच. जिथे दोन भेगा एकमेकींना छेदतात तिथे, जमिनीच्या कितीही खाली, पाण्याला खडक खाण्याची ताकद पुन्हा येते.

हे एकटंच कारण नाही. पाणी जवळजवळ संपृक्त झालं की खडक विरघळवण्याचा त्याचा वेग एकदम मंदावतो, पण थांबत नाही. उरलीसुरली ताकद ते फार जपून, फार दूरवर खर्च करतं. आणि इथे दुसरा घन येतो. अरुंद भेगेतून जाणारा प्रवाह भेगेच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट झाली की पाणी आठपट. जास्त पाणी म्हणजे जास्त झीज, त्यातून आणखी रुंदी. सुरुवातीला इतरांपेक्षा केसभर मोठी असलेली भेग काही हजार ते लाखभर वर्षांत बाकीच्यांचं सगळं पाणी ओढून घेते. पठार कोरडं का आणि कड्याच्या तळाशी एकच प्रचंड तोंड का, याचा उलगडा इथे होतो.

यातूनच पाणाड्यांचा दावाही तपासता येतो. फ्रान्समध्येही हेझलची दुबेळकी फांदी घेऊन पाणी शोधणारे होते आणि आहेत, आपल्याकडे नारळ घेऊन फिरतात तसेच. आपल्या बेसॉल्टमध्ये वरच्या झिजलेल्या थरात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच, श्रेय मात्र नारळाला जातं. चुनखडकाच्या पठारावर बोगदा चुकला की विंधनविहीर कोरडी. अशाच पठारांच्या लॉत प्रांतात 1790 मध्ये जन्मलेले पाद्री झाँ-बाप्तिस्त पारामेल पाणी शोधण्यासाठी फ्रान्सभर नावाजले गेले. त्यांनी फांदी नाकारली. कोरड्या दऱ्यांचा उतार, त्यांचे संगम आणि खडकांचे थर वाचून ते जागा सांगत. माझ्या मते पाण्याच्या शोधात देवधर्म आणणाऱ्या प्रत्येकाला या पाद्रीबुवांचं उदाहरण सांगायला हवं.

आता शुद्धतेकडे वळू. बोगद्यात गाळणी नसते. त्याच लॉत प्रांतात 1891 मध्ये मार्टेल एका झऱ्याचं पाणी प्यायला आणि आजारी पडला. त्या झऱ्याला पाणी पुरवणाऱ्या वरच्या विवरात उतरल्यावर त्याला वासराचं कुजलेलं शव सापडलं. गावोगाव मेलेली जनावरं विवरांत टाकायची रीत होती, आणि खालची गावं तेच पाणी पीत होती. मार्टेलने हा विषय लावून धरला. 15 फेब्रुवारी 1902 च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात विवरांत जनावरांची शवं टाकायला बंदी आली.

लूच्या खोऱ्यात आज शवांचा नाही, शेणखताचा आणि सांडपाण्याचा प्रश्न आहे. वरच्या कुरणांवरच्या गायींच्या दुधातून प्रसिद्ध काँते चीज बनतं. माती पातळ, खाली भेगांचा खडक. शेतात पसरलेलं खत एका जोरदार पावसात भुयारात उतरतं आणि उगमातून बाहेर येतं. 2003 मध्ये लूमधल्या विषारी नील-हरित शेवाळामुळे कुत्री मेली. 2009-10 पासून ट्राउट आणि ग्रेलिंग मासे मोठ्या प्रमाणात मरू लागले. तिकडे दूचं दुखणं वेगळं आहे: 2018 च्या कोरड्या हंगामात तिच्या पात्राचे लांबच्या लांब पट्टे सुकले आणि एरवी गर्जणारा सो-द्यु-दू धबधबा बंद पडला. पात्रातल्या भेगा बुजवाव्यात, ही जुनी मागणी अशा वर्षी पुन्हा निघते. पण तिथे वाचवलेलं पाणी लूच्या उन्हाळी प्रवाहातूनच वजा होणार, कारण उगमाच्या पाण्यात पठारावरच्या पावसाबरोबर दूच्या गळतीचाही हात आहे.

चालणाऱ्यांसाठी एक सुचवणी. दूच्या काठाने स्विस सीमेलगत जीआर 5 ही लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी खुणावलेली वाट जाते आणि लूची घळ एका दिवसात चालून होते. दोन्ही दऱ्या एकाच सहलीत बघाव्यात. नकाशावर दू ईशान्येकडे जाऊन मोठा वळसा घेते आणि बझाँसाँ, दोल ही शहरं ओलांडून पुढे पार्सेजवळ लूला भेटते, म्हणजे पॉन्तार्लिएच्या खाली गळालेलं पाणी तिला तिथे परत मिळतं. पिण्याचं पाणी मात्र गावातल्या नळावरच भरून घ्या.