मूठभर धान्यापासून शाळा व्यवस्थापन समितीपर्यंत

जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेत गेलात तर वर्गात मान वर करून पंख्याकडे बघा. पात्यावर ऑइलपेंटनं लिहिलेलं असतं : ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. भिंतीवरच्या घड्याळावर एक नाव, पाण्याच्या टाकीवर दुसरं, कंपाउंडच्या फाटकावर तिसरं. मी शिकलो त्या शाळेच्या कपाटात लोकवर्गणीची एक वही होती. ती मला पाहायला मिळाली मोठेपणी. चौथीची खोली बांधली तेव्हा कुणी काय दिलं, ते तिच्यात शाईनं लिहिलेलं आहे. कुणाचे पाच रुपये, कुणाची दोन पायल्या ज्वारी, कुणाची ‘बैलगाडी, दिवस एक’. एका नावापुढे फक्त ‘अंगमेहनत’ एवढंच. त्या खोलीत मी वर्षभर बसलो आणि दर शनिवारी ती आम्हीच शेणानं सारवायचो.

विद्यार्थ्यांची चारित्र्यघडण, मूल्यशिक्षण, लोकसहभाग हे शब्द आता शिक्षण विभागाच्या परिपत्रकांत वारंवार येतात. एखादी योजना जाहीर झाली की हे सगळं आजच सुचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्रात मूल्यशिक्षण आणि लोकसहभाग या दोन गोष्टी दीडशे वर्षं एकमेकींचा हात धरून चालत आल्या आहेत, आणि जिथे तो हात सुटला तिथे दोन्हींचं नुकसान झालं.

सुरुवात पैशापासून करावी लागते. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा, जादा कर बसला. त्यातला एक हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे खेड्यातली सरकारी शाळा पहिल्यापासून शेतकऱ्याच्या पैशावर उभी होती. पण तिचा फायदा त्याच्या मुलांपर्यंत पोचत नव्हता, आणि महात्मा फुल्यांनी १८८२ साली सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमकं यावरच बोट ठेवलं. त्या निवेदनातला अभ्यासक्रम मुळातून वाचण्यासारखा आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि त्याच्या जोडीला नीती व आरोग्य यांचे काही पाठ. शिक्षक कसा हवा, तर शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारा. नीतीचा पाठ आणि नांगर धरणारा गुरुजी या दोन्ही मागण्या एकाच कागदावर आहेत. मला हा कागद फार मोलाचा वाटतो. पुढे जे जे चांगलं घडलं, त्याचं बीज त्यात आहे.

लोकल बोर्डांचा, म्हणजे ग्रामीण भागाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळांचा, कायदा १८८४ला आला, प्राथमिक शाळा हळूहळू त्यांच्याकडे गेल्या. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. तो काळ पाहता केवढं हे धाडस!

खरी उलथापालथ मात्र सातारा जिल्ह्यात झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत. पाणी भरणं, दळण, लाकडं फोडणं, स्वयंपाक, सगळं मुलांच्याच हातचं. समतेवर भाषण द्यायची गरजच नव्हती. शेजारच्या मुलानं थापलेली भाकरी खाल्ली की धडा झाला. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य त्या चुलीपाशी खरं झालं.

बोर्डिंग चालायचं मुष्टिफंडावर. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळणातलं मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायची आणि काही दिवसांनी मुलं येऊन ते घेऊन जायची. एक मूठ. त्यानं कुणाचं घर उघडं पडत नव्हतं, पण रोज सकाळी त्या घराला शाळेची आठवण राहत होती. ज्या बाईनं कधी पाटी हातात धरली नव्हती, तिचाही शाळेवर हक्क तयार होत होता. आणि धान्य न्यायला आलेल्या मुलाला आपण कुणाच्या घासावर शिकतो ते कळत होतं. एकदा कोठीत काहीच उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं. हा प्रसंग साताऱ्यात आजही घरोघरी सांगतात.

याच संस्थेनं १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. पुढे गावोगाव ‘व्हॉलंटरी’ शाळा निघाल्या. गाव देऊळ किंवा चावडी द्यायचं, संस्था शिक्षक द्यायची. या शाळांचा आकडा पाचशेच्या पुढे गेला आणि स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी व्यवस्थेकडे सोपवण्यात आल्या. सातारा भागातल्या कितीतरी सरकारी शाळांची पहिली घंटा अशी देवळातली आहे.

दरम्यान १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे आला : हातानं काम करत शिकायचं. तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलटा रस्ता धरला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच पाड्यावर न्यायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून आला.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि स्कूल बोर्डाकडच्या प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. जिल्ह्यातल्या लोकांनी निवडून दिलेली माणसं आता शाळांचा कारभार बघणार होती. त्या काळचा गुरुजी बहुधा गावातच राहायचा. पत्र वाचून दाखवणं, अर्ज लिहून देणं, भांडण मिटवणं ही कामंही त्याच्याच अंगावर असायची. मुलाच्या वागण्याचा सुगावा त्याला पारावरच लागायचा आणि बापाला संध्याकाळी कळायचा.

मग लिखित मूल्यं आली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा गाभाघटक, म्हणजे देशभर सगळ्या मुलांना शिकवायचे समान विषय, होते. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात त्यांच्या जोडीनं दहा मूल्यं आली. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता. भिंतीवर त्यांचे तक्ते लागले. रोजच्या परिपाठात प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, शेवटी मौन, असा क्रम बसला. पुढे संविधानाची उद्देशिकाही त्यात आली.

परिपाठाला कमी लेखणारे मला पटत नाहीत. दुसरीतली एखादी मुलगी रात्रभर घोकलेली बातमी थरथरत्या आवाजात दीडशे मुलांसमोर वाचते तेव्हा तिच्यात काहीतरी घडत असतं, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण श्रमप्रतिष्ठा तक्त्यावर आली त्याच सुमारास वर्ग सारवणं, झाडांना पाणी घालणं मागे पडत गेलं, हेही पाहिलं आहे. मूल्याचं नाव पाठ आणि काम मात्र शिपायाचं, अशी फारकत झाली.

ती सांधण्याचा एक मोठा प्रयत्न बीड जिल्ह्यात झाला. त्याची मुळं किल्लारीच्या भूकंपात आहेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-धाराशिवची गावं जमीनदोस्त झाली, त्यानंतर भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात वाघोलीला आणलं. पुढे त्यांच्या फाउंडेशननं २००९ मध्ये बीडच्या ५०० जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ सुरू केलं आणि नंतर राज्य सरकारच्या साथीनं ते इतर जिल्ह्यांत गेलं. त्याचा पाया संविधानातली मूल्यं, आणि पद्धत साधी : मुलांनी जोडीत, गटात बसायचं, बोलायचं, ऐकून घ्यायचं, वर्गाचे नियम स्वतः ठरवायचे. गुरुजींनी उपदेश आवरायचा. आपल्याकडे हे शेवटचं सगळ्यात अवघड.

लोकसहभागालाही कायद्याचं बळ मिळालं ते शिक्षण हक्क कायद्यानं. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आधीच्या ग्रामशिक्षण समितीच्या जागी शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा, अनुदानाचा खर्च तिनं तपासायचा. म्हणजे मूठभर धान्य देणाऱ्या बाईची नात आता कायद्यानं शाळेची कारभारीण आहे. कित्येक गावांत ही बैठक प्रोसिडिंग बुकात सह्या घेण्यापुरती उरते, हे खरं. पण जिथे ती जिवंत आहे, तिथे काय होतं ते ऊसतोडीच्या गावांत जाऊन बघावं.

दिवाळी झाली की बीडमधल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. पूर्वी पोरंही गाडीत बसून जायची आणि उन्हाळ्यापर्यंत शाळा तुटायची. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहं सुरू झाली आणि ती चालवायची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. सकाळ-संध्याकाळ गावातलीच एखादी बाई स्वयंपाक करते, मुलं आजीपाशी किंवा शाळेतच झोपतात. मोठी मुलं धाकट्यांना अंघोळीला नेतात, दप्तर भरून देतात. आईचा फोन आला की एकाच मोबाइलभोवती सगळी जमतात. कर्मवीरांच्या बोर्डिंगातली पंगत आठवायला लावणारं हे चित्र आहे, आणि या कामाला पुरेसा निधी वेळेवर मिळत नाही तेव्हा जीव तुटतो.

भागीदारीचा अर्थ आता बदलतो आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळा दत्तक योजना आणली. उद्योगांनी, देणगीदारांनी पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, आणि त्या मुदतीत शाळेला त्यांचं नाव जोडता यायचं. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा तेव्हा राज्यात जवळपास १५ हजार होत्या, आणि त्यातल्या कितीतरी वस्त्यांवरच्या, पाड्यांवरच्या होत्या. दोन्ही निर्णयांना शिक्षक संघटनांनी, पालकांनी विरोध केला. बाहेरचा पैसा येऊ नये असं माझं म्हणणं नाही. संगणक, शौचालय, प्रयोगशाळा हे सगळं मुलांना मिळालंच पाहिजे, आणि कित्येक कंपन्यांनी ते मनापासून दिलंही आहे. पण पंख्यावर नाव असलेला माणूस त्याच गावात राहायचा. पंखा बंद पडला तर मुलं त्याच्या घरी सांगायला जायची आणि त्याचा मुलगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यायचा.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारासाठी लोकसहभागाच्या गटात अंतिम दहात पोचली. तिथे एक मूल दुसऱ्याला शिकवतं, त्याला ते ‘विषय मित्र’ म्हणतात.

आमच्या गावची ती वही अजून कपाटात आहे. तिची मागची बरीच पानं कोरी आहेत.