शस्त्र परवान्यासाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि कारणाची कसोटी

खासगी व्यक्तीला बंदूक बाळगण्याची मुभा किती असावी, यावर मतभेद असले तरी भारतीय कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. शस्त्र बाळगणे हा येथे मूलभूत हक्क नाही; शस्त्र अधिनियम, 1959 आणि शस्त्र नियम, 2016 यांच्या चौकटीत गरज पटवून देणाऱ्या व्यक्तीला मिळणारी ती परवानगी आहे.

स्वतःच्या नावावर परवाना हवा असल्यास अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही, तसेच शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र-आदेश लागू असेपर्यंतही मनाई असते.

अर्ज नमुना ए-1 मध्ये करायचा असून तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे सादर होतो. सोबत जन्मतारखेचा, ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवण्याची हमी जोडावी.

खरी कसोटी लागते ती कारणाच्या रकान्यात. तेथे केवळ ‘आत्मसंरक्षणार्थ’ असे लिहून भागत नाही. धमकी आली असेल तर पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत, व्यवसायात मोठी रोकड न्यावी लागत असेल तर बँकेतील व्यवहारांचा तपशील, आणि पिकांचे रानडुकरांपासून संरक्षण करायचे असेल तर सातबारा उतारा जोडलेला असला, म्हणजे चौकशीला येणाऱ्या पोलिसांना पडताळण्यासारखे काहीतरी हाती लागते. प्रतिष्ठेपोटी केलेला अर्ज याच टप्प्यावर अडावा, असेच माझे मत आहे.

पोलिसांनी चौकशी अहवाल 30 दिवसांत द्यावा आणि तो मिळाल्यावर प्राधिकाऱ्याने 60 दिवसांत निर्णय घ्यावा, अशी नियमांत तरतूद आहे. अर्ज नाकारताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, ही शस्त्र अधिनियमाच्या कलम 14 मधील तरतूद अल्प उत्पन्नाच्या अर्जदारांनी अवश्य लक्षात ठेवावी. नकाराविरुद्ध कलम 18 नुसार अपील करता येते, आणि तेथेही मूळ अर्जाला जोडलेले पुरावेच उपयोगी पडतात.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. वारसाहक्काने आलेली बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, मग शस्त्र परवान्याचे असले तरी.