उद्या कोण कोण येणार? ऑफिसचे दिवस जुळवण्यामागची पार्श्वभूमी

आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज रात्री साडेनऊच्या सुमारास कोणीतरी विचारतं, 'उद्या कोण कोण?' त्याखाली दोन अंगठे उमटतात, एक 'नाही रे, घरी प्लंबर येतोय' आणि एक 'सकाळी सांगते'. ऑफिसच्या अॅपमध्ये या प्रश्नासाठी सोय करायचं काम सध्या आमच्याकडे आहे. स्क्रीन आखायला बसण्याआधी हा प्रश्न आजवर कोणी, कोणाला आणि कशासाठी विचारला, ते मी शोधत गेले. सहकाऱ्याने विचारलेलं 'येणार आहेस का?' आणि साहेबांनी विचारलेलं 'येणार आहेस का?' यांतले शब्द तेच. घराणी मात्र वेगळी. ती दोन्ही एका स्क्रीनवर मिसळली की सोय बुडते, असं माझं ठाम मत झालं आहे.

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी मी कोथरूडहून हिंजवडी फेज थ्रीला गेले. भूमकर चौकातच पाऊण तास मोडला. ज्या टेस्टरशेजारी बसून एक किचकट बग सोडवायचा होता, ती त्या दिवशी हडपसरला घरीच होती. 'अगं, तू आलीस? सांगायचंस ना!' ती कळवळून म्हणाली. मग आम्ही हेडफोन लावून तीन तास कॉलवर बसलो, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. या कामाबद्दल मला जे वाटतं ते त्या खुर्चीपासून सुरू होतं.

पहिलं घराणं सहकाऱ्यांचं. सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी मोकळं असणं आपल्याकडे कामगारांनी झगडून मिळवलेलं आहे. सत्यशोधक चळवळीतून आलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी कामगारांच्या पदरात पडली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचं एक कारण सांगितलं जातं. सुट्टी मिळण्याइतकंच ती सगळ्यांना एकाच वारी मिळणं मोलाचं होतं. जत्रेला, सभेला किंवा सोयरिकीच्या बैठकीला जायचं तर चार माणसं एकदम मोकळी हवीत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी मात्र गुरुवार धरला. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू, हे विजेला झेपणारं नव्हतं. म्हणून औद्योगिक सुट्टीचे वार भागाभागांत वाटले गेले आणि इकडे गुरुवार आला. भोसरीतल्या कित्येक वर्कशॉपची शटर अजूनही गुरुवारी खाली असतात. हा वार इतका मुरला की वीज आणि पाण्याच्या दुरुस्त्याही गुरुवारीच निघतात. 'येत्या गुरुवारी पाणी नाही' ही बातमी वाचत पुणेकरांच्या पिढ्या वाढल्या. आमच्या मजल्यावर गुरुवारी गर्दी का होते, याचा उलगडा मला इथे झाला. टीममधल्या दोघांकडे इन्व्हर्टर नाही, गुरुवारी वीज जाईल म्हणून ते ऑफिस गाठतात, आणि ते येतात म्हणून त्यांच्यासोबत काम असलेले तिघं येतात. वीज मंडळाच्या जुन्या हिशेबाने आज पाच सॉफ्टवेअरवाल्यांचा दिवस जुळतो. कोणी ठरवून केलेलं नाही हे, पण अॅपने ते ओळखायला हवं.

दुसरं घराणं मस्टरचं. हजेरीपटावर सही, मग गेटवरच्या घड्याळात कार्ड पंच करणं, मग बायोमेट्रिक, मग गळ्यातलं कार्ड स्वाइप करणं. यंत्रं बदलत गेली, पण 'पंचिंग झालं का?' हा शब्दप्रयोग आयटीतही टिकून आहे. मस्टर विचारतं ते झालेल्या दिवसाबद्दल, पगारासाठी आणि नियमासाठी. त्यात गैर काही नाही. हजेरीवर पगार ठरतो तिथे नोंद चोख असलेली कामगाराच्याही हिताची. मात्र उद्या तुमच्याशेजारी कोण बसणार, हे सांगणं मस्टरचं काम कधीच नव्हतं.

कामाची जागा आणि काम वेगळं करण्याचा विचार कोविडच्या बराच आधीचा आहे. अमेरिकी अभियंता जॅक निलेस यांनी 1973 मध्ये 'टेलिकम्युटिंग' हा शब्द घडवला. माणसांनी गाड्यांतून कामाकडे जाण्याऐवजी काम तारेवरून माणसांकडे आणावं, ही त्यांची मांडणी. त्याच दशकात एमआयटीच्या थॉमस अॅलन यांनी संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांची बोलणी मोजली आणि दोन टेबलांमधलं अंतर वाढलं की संवाद किती झपाट्याने घटतो, ते दाखवलं. साधारण 50 मीटरच्या पुढे नियमित बोलणं जवळपास संपतं. दोघांचंही खरं आहे, आणि हायब्रिडची, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम करण्याची, सगळी ओढाताण या दोन निष्कर्षांमधली आहे.

टेबलांची वाटणी हा या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग. शाएट-डे या जाहिरात कंपनीने 1993-94 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या ऑफिसातून प्रत्येकाचं स्वतःचं टेबल काढून टाकलं. सकाळी काउंटरवर लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, मिळेल तिथे बसायचं, सामान लॉकरमध्ये. झालं असं की यंत्रं पुरेनात, लोक रांगा लावू लागले, काहींनी फायली गाडीच्या डिकीत ठेवल्या. आणि एकमेकांना शोधण्यात वेळ जाऊ लागला. काही वर्षांतच कंपनीने तो प्रयोग गुंडाळला आणि नव्या ऑफिसात माणसांना पुन्हा आपापली जागा दिली. आजची डेस्क बुकिंगची अॅप पाहिली की मला तो काउंटर आठवतो. खुर्ची कोणती ते अॅप चोख सांगतं, शेजारी कोण ते सांगत नाही.

पुण्यात हे सगळं एका झटक्यात आलं. महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच सापडले आणि 25 मार्चपासून देश बंद झाला. तोवर आयटीत घरून काम ही सरसकट परवानगी नव्हती. कॉल सेंटर आणि बीपीओंना दूरसंचार खात्याच्या अटी होत्या, त्या मार्च 2020 मध्ये सैल झाल्या आणि नोव्हेंबर 2020 च्या नव्या नियमावलीत बऱ्याचशा गेल्या. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्याही आहेत, आणि त्यांचा करसवलतीचा हिशेब जागेशी बांधलेला. तिथे जुलै 2022 मध्ये नियम 43-अ आला: निम्म्या कर्मचाऱ्यांपर्यंत घरून काम, जास्तीत जास्त एक वर्ष, विकास आयुक्तांच्या मंजुरीने. डिसेंबर 2022 मध्ये ही मुभा सगळ्या कर्मचाऱ्यांना मिळाली. या काळात ऑफिसात किती जण येतात, ही सरकारदरबारी मोजण्याची गोष्ट झाली. एक्सेलमधले हिरवे-पिवळे रोस्टर आले ते याच सुमारास. प्रश्न सहकाऱ्याच्या हातून मस्टरकडे गेला तो इथे, असं मला वाटतं. पुढे 'आठवड्यातून तीन दिवस' हा आदेश आला तेव्हा लोक कार्ड स्वाइप करून, कॉफी पिऊन, गर्दीच्या आधी घरी परतू लागले. दिवस भरले, पण भेट झाली नाही.

भेट कशाने होते, याचा एक चांगला पुरावा चीनमधून आला. ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीच्या 1,612 कर्मचाऱ्यांवर 2021-22 मध्ये सहा महिने प्रयोग झाला आणि 2024 मध्ये तो 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. जन्मतारीख विषम असलेल्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम करायची मुभा, बाकीच्यांना पूर्ण आठवडा ऑफिस. नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटलं, बढत्यांवर फरक पडला नाही. बहुतेक जण यातला 'तिसरा हिस्सा' लक्षात ठेवतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वार ठरलेले असणं: सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी सगळेच ऑफिसात.

कॅलेंडरची अवजारं इथवर हळूहळू पोचली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून 1998 मध्ये 'आयकॅलेंडर' हा मानक ठरला. त्यात माणूस मोकळा की गुंतलेला ते कळे. तो बसलाय कुठे, हे विचारायचं कोणाला सुचण्याचं कारण नव्हतं. गूगल कॅलेंडरमध्ये कामाचं ठिकाण लिहायची सोय 2021 मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने ऑफिसचे दिवस जुळवण्यासाठीचं 'प्लेसेस' हे अॅप 2022 मध्ये जाहीर केलं. नंतर त्यांच्याच 'टीम्स' या मीटिंगच्या अॅपमध्ये ऑफिसचं वाय-फाय पकडताच ठिकाण आपोआप नोंदवण्याची सोय येणार असं कळलं, तेव्हा जगभर लोक बिथरले. मला त्यांचं पटतं. मी सांगितलेला बेत आणि माझ्यावर ठेवलेली नजर, यांतला फरक तिथे पुसला जातो.

म्हणून आमच्या आराखड्यात काही गोष्टी आम्ही धरून ठेवल्या आहेत. 'येणार', 'घरून' आणि 'बघते' अशी तीन उत्तरं. 'बघते' हे पुण्यातलं खरं उत्तर आहे, त्याला जागा हवीच. रिकामं ठेवलं तर रिकामंच दिसेल, त्याचा अर्थ 'गैरहजर' होणार नाही. आपली टीम आणि आपण निवडलेली माणसं एवढ्यांनाच दिसेल. स्वाइपच्या नोंदीशी जोडणी नाही, आणि शनिवारी रात्री आठवडा पुसला जाईल. पालखीचे दोन दिवस, विसर्जन मिरवणूक आणि वीजबंदीचा गुरुवार कॅलेंडरवर आधीच दिसतील, कारण त्या दिवशी बेत रस्ता ठरवतो.

अडलंय ते कॅबपाशी. ट्रान्सपोर्टला संध्याकाळी सहापर्यंत नावं आणि पत्ते लागतात, कॅन्टीनला फक्त ताटांचा आकडा. कॅन्टीनला आकडा जाईल, नावं नाहीत, हे ठरलं. कॅबसाठी ज्याला हवी त्याने वेगळं बटण दाबायचं, अशी सूचना मी मांडली आहे. त्यामुळे दोनदा दाबावं लागतं अशी तक्रार पहिल्या चाचणीतच आली. ती तक्रार रास्त आहे, तरी दोन बटणं मी काढू दिलेली नाहीत. पुढच्या मंगळवारी आम्ही सगळे ऑफिसात बसून यावर पुन्हा बोलणार आहोत. ग्रुपवर सहा अंगठे आले आहेत आणि एक 'बघते'.